अडुळशाचा रस

आमच्या असोद्याच्या घरामागें, विहिरीच्या वाटेवर, अडुळशाची जुनी रांग आहे. शेळ्या इकडचें तिकडचें सर्व फस्त करतात. पण या झुडुपास त्या तोंड लावीत नाहींत. तमिळ भाषेंतील याच्या नांवाचा अर्थच मुळीं ‘शेळी शिवत नाहीं तें’ असा सांगतात, आणि दक्षिणेंतून गेलेलें तेंच नांव लिनियसनें १७५३ सालीं आपल्या ग्रंथांत ‘आधातोडा’ म्हणून नोंदविलें. संस्कृत शिकवितांना मी विद्यार्थ्यांकडून या वनस्पतीचे पर्याय घोकून घेत असें : वासा, वासक, आटरूषक, सिंहास्य. नांवें माझ्या जिभेवर होतीं. पानें मात्र आईच्या हातांत असत. या दोहोंतील अंतर किती, हें मला साठी उलटल्यावर कळलें, आणि तेंही थोडक्यांत निभावलें म्हणून येथें लिहितां येत आहे.

सेवानिवृत्तीनंतर हातीं वेळ पुष्कळ आला. ज्या शास्त्राचे श्लोक आयुष्यभर पाठ म्हटले तें एकदां हातानें करून पाहावें, अशी बुद्धि झाली. पानांतील गुण बाहेर काढण्याच्या पांच रीती चरकानें सूत्रस्थानांत सांगितल्या आहेत : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. पहिली सर्वांत जड, शेवटची सर्वांत हलकी. शार्ङ्गधरानें त्यांचीं मापेंही नेमून दिलीं आहेत. क्वाथास, म्हणजे काढ्यास, औषधाच्या सोळापट पाणी घालून मंद आंचेवर आठवा भाग उरवावयाचा. हिमास सहापट थंड पाणी व एक रात्र. फांटास चौपट ऊन पाणी आणि थोडा वेळ. आपल्या घरांतून मात्र काढा म्हटला कीं जो पाला सांपडेल तो पातेल्यांत टाकून काळें पाणी होईपर्यंत रटरट उकळणें, एवढाच अर्थ उरला आहे. तुळशीचा गुण बराचसा तिच्या सुगंधी तेलांत असतो व तें तेल वाफेबरोबर उडून जातें. सारें घर घमघमलें म्हणजे काढा उत्तम झाला असें आपण समजतों. वस्तुतः जें पोटांत जावयाचें तें आढ्यास लागलेलें असतें. तुळशीस फांटच बरा : ऊन पाणी ओतावें, वर झांकण ठेवावें आणि स्वस्थ बसावें. उलट माक्याचा गुण केसांसाठीं हवा तर त्याचा रस तेलांत घालून पाणी आटेपर्यंत कढवावा लागतो. वात भिजवून पेटविली असतां ती तडतडली नाहीं, म्हणजे पाणी गेलें. ही परीक्षा आमच्या सौ.ला ग्रंथ न वाचतां ठाऊक होती, हें मला जरा लागलेंच.

अडुळशानें मात्र माझी परीक्षा पाहिली. ओंजळभर पानें धुऊन खलबत्त्यांत कुटलीं, फडक्यांत घालून मनगट दुखेपर्यंत पिळलीं. हिरवा लगदा हातांत राहिला आणि वाटींत पुरते दहा थेंबही पडले नाहींत. सौ. दारांत उभी राहून पाहत होती. तिनें कांहीं म्हटलें नाहीं, हीच तिची टीका.

मग शार्ङ्गधराचा पुटपाक आठवला. जीं पानें कुटून रस देत नाहींत त्यांचा गोळा करावा, वड-जांभळासारख्या पानांत गुंडाळावा, वर दोन बोटें जाड चिखलाचा लेप द्यावा आणि तो निखाऱ्यासारखा लाल होईपर्यंत अग्नींत ठेवावा. हें वाचतांना मला एकदम आमचें भरीत दिसलें. हिवाळ्यांत आमच्या गांवच्या शेतांतून कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळांत वांगीं भाजतात. पाण्याचा थेंबही न घालतां आंतला गर साल करपेपर्यंत स्वतःच्याच वाफेंत शिजून लोण्यासारखा होतो. पुटपाक तो हाच. पानाच्या अंगीं जो ओलावा आहे त्यानेंच पान शिजवावयाचें, म्हणजे आंतील पेशींच्या भिंती सैल पडतात आणि रस मोकळा होतो. केळीच्या पानास खानदेशांत काय तोटा! गोळा केळीच्या पानांत बांधला, वर शेतांतल्या काळ्या मातीचा लेप दिला आणि गोवऱ्यांच्या आरांत पुरला. बाहेर काढून फोडला तेव्हां पानें काळपट हिरवीं व मऊ झालीं होतीं. फडक्यांतून चांगला पांच-सहा चमचे दाट रस निघाला. तो कडू इतका कीं शेळ्यांच्या शहाणपणाची खात्री पटावी.

घरांतील नातवास तेव्हां खोकला होता. डॉक्टरांनीं छाती साफ असल्याचें सांगितलें होतें. त्यास थोडा रस मधांत कालवून दिला. (पोर सात वर्षांचें आहे, वर्षाच्या आंतील बाळास मध देऊं नये.) चार दिवसांत खोकला उतरला. रसानें, मधानें कीं आपोआप, हें मी शपथेवर सांगणार नाहीं. पण त्या वेळीं मात्र मी घरभर वैद्यराजासारखा वावरत होतों. माझा भाचा औषधनिर्माणशास्त्र शिकवितो. त्यानें तर माझा अभिमान आणखीच फुगविला. अडुळशांतील मुख्य द्रव्य व्हॅसिसिन हें १८८८ सालींच हूपर नांवाच्या रसायनज्ञानें वेगळें काढलें होतें, आणि खोकल्याच्या बाटल्यांत जें ब्रोमहेक्झिन असतें तें त्याच्याच धर्तीवर घडविलेलें आहे, असें तो म्हणाला.

आश्विनांत सूनबाईस खोकला लागला. तिला चौथा महिना होता. रात्रभर खोकून बिचारी थकून जाई. मीं पुन्हां गोळा पुरला, रस काढला, मध घातला आणि वाटी स्वतः स्वयंपाकघरांत नेऊन दिली. “बाबा, कशाला त्रास घेतलात?” म्हणून तिनें ती दोन्हीं हातांनीं घेतली. वडीलधाऱ्यांनीं आणून दिलेलें ती नाकारीत नाहीं. वाटी ओंठांपर्यंत गेली होती.

माजघरांत आई पडून होती. तिची नव्वदी जवळ आली असून डोळ्यांनीं फारसें दिसत नाहीं. नाक मात्र शाबूत आहे. ती म्हणाली, “अरे, अडुळशाचा वास येतोय. पोराचा खोकला तर गेला ना? मग हा कोणासाठीं?”

“सूनबाईसाठीं.”

“ठेव ती वाटी खालीं!” आईचा असा आवाज मीं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. “पोटुशीला अडुळसा देतात का रे कुणी? माझ्या माहेरीं बाई अडली कीं सुईण हाच पाला मागून न्यायची.”

सूनबाईनें वाटी ओट्यावर ठेवली. मी उभा होतों तेथेंच भिंतीस टेकलों.

त्या रात्रीं ग्रंथ काढून बसलों. जुन्या वैद्यकांत सुखप्रसवासाठीं जे लेप सांगितले आहेत त्यांत सिंहास्याचें मूळ आहे. तें मीं पूर्वीं वाचलें होतें. इतकेंच नव्हे, सिंहास्य म्हणजे अडुळसा हें शेंकडों मुलांकडून पाठही करून घेतलें होतें. पण एक गोष्ट कोशाच्या पानांत राहिली, दुसरी वैद्यकाच्या, आणि त्यांची गांठ माझ्या डोक्यांत कधीं पडलीच नाहीं. दुसऱ्या दिवशीं भाच्यास विचारलें. तो क्षणभर गप्प राहिला व मग म्हणाला कीं, हेंच व्हॅसिसिन गर्भाशय आकुंचित करतें, हें जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेनें तपासून पाहिलेलें आहे व त्यावरील पुस्तक १९८० सालीं निघालें. त्यानें हें मला आधीं सांगितलें नाहीं, कारण मीं विचारलेंच नव्हतें. मीं विचारलें होतें तें केवळ रसाच्या गुणांविषयीं.

पुटपाकाच्या युक्तीचा मला अजूनही आनंद वाटतो, हें लपवीत नाहीं. परंतु कुटून निघालेल्या दहा थेंबांच्या जागीं पांच-सहा चमचे रस मिळविला, म्हणजे गुणाबरोबर दुसरेंही तितकेंच अधिक पदरीं पडतें, हें मापांच्या नादांत माझ्या ध्यानींमनीं नव्हतें.

वाटींतला रस मीं अडुळशाच्याच बुंध्याशीं ओतला. सूनबाईस जळगांवच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलें. त्यांनीं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या व एक साधें औषध दिलें. आठवड्यानें खोकला गेला. फाल्गुनांत नात झाली.

आतां पानें खुडावयास परसांत निघालों कीं माजघरांतून आवाज येतो, “कोणासाठीं रे?” नांव सांगितल्यावांचून मी उंबरठा ओलांडीत नाहीं.