कामरूपी आणि त्याचे सोबती

ज्याला वाटेल तें रूप घेतां येतें, अशा पात्राचें करावें काय, हा प्रश्न कथाकारांना फार जुना आहे. मनांत येईल तेव्हां हत्ती आणि मनांत येईल तेव्हां माशी, असा जो कामरूपी, त्याला कोणत्याही कथेंत अडवावें कसें? आपल्या जुन्या कथाकारांनीं यावर एक तोड काढलेली दिसते. त्यांनीं रूप दिलें, पण फुकट दिलें नाहीं. मारीच सुवर्णमृग झाला; रामाचा बाण लागतांच मृगाचें रूप गळून पडलें आणि त्याबरोबर प्राणही गेले. कर्कोटकानें नलाला विद्रूप केलें. त्याची अश्वविद्या तेवढी शिल्लक राहिली, पण राज्य, नांव, पत्नी यांपैकीं कशालाही त्याला आपलें म्हणतां येईना. शंकराचार्य अमरुक राजाच्या देहांत शिरले अशी जी कथा शंकरदिग्विजयांत आहे, तींत तर परतण्याची मुदत टळून जाते, आणि आपण कोण आहों याची आठवण गुरूला शिष्यांनीं जाऊन करून द्यावी लागते.

हें सर्व मला अलीकडे वारंवार आठवूं लागलें त्याचें कारण मात्र कोणतें पुराण नव्हे, तर एक अमेरिकन खेळ आहे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हें त्याचें नांव. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां गृहस्थांनीं रचलेला हा खेळ विस्कॉन्सिन संस्थानांतील लेक जिनीव्हा या गांवाहून १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांनीं तो पाहिलेला नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. पांचसहा मंडळी मेजाभोंवतीं बसतात. एक जण सूत्रधार होतो. तो अरण्य, दुर्ग, राक्षस यांचें वर्णन करतो. बाकीचे प्रत्येकीं एकेक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर, आणि आपलें पात्र काय करील तें सांगतात. तें साधलें कीं फसलें याचा निर्णय वीस पैलूंचा एक फासा देतो. हरणें-जिंकणें असें त्यांत नाहीं. गोष्ट सर्वांनीं मिळून पुढें न्यावयाची.

आमच्या घरीं दर शनिवारीं संध्याकाळीं हा डाव पडतो. थोरला नातू सूत्रधार, धाकटी नात योद्धा, पुतण्याचा मुलगा 'ड्रुइड', आणि शेजारच्या दोन मुलांपैकीं एक मांत्रिक व एक चोर. ड्रुइड म्हणजे वनांत राहून पशूंचीं रूपें घेणारा एक प्रकारचा सिद्धपुरुष. मी खेळत नाहीं. मुलांच्या मागें खुर्ची टाकून त्यांचे नियमग्रंथ वाचीत बसतों. सूत्र, त्याचा अपवाद आणि त्या अपवादाचाही अपवाद, या रचनेंत आयुष्य गेल्यामुळें असले ग्रंथ मला कादंबरीपेक्षां अधिक गुंगवितात.

आतां हिशेब पाहा. मार किती सोसतां येईल याच्या आंकड्याला मुलें 'हिट पॉइंट' म्हणतात. मी त्याला प्राणांक म्हणतों. मुलें खेळत होतीं तीं २०१४ सालच्या आवृत्तीवरून. तींत दुसऱ्या पायरीवरच्या योद्ध्याचे प्राणांक, शरीर बऱ्यापैकीं काटक धरलें तर, २० होतात, ड्रुइडाचे १७. म्हणजे योद्धा सरस, आणि तें योग्यच आहे. परंतु चंद्रपंथी ड्रुइडाला याच पायरीवर तपकिरी अस्वल होतां येतें, आणि अस्वलाचे प्राणांक ३४. ते सरले म्हणजे अस्वल मरत नाहीं. कातडें तेवढें गळतें आणि आंतून ड्रुइड आपले १७ प्राणांक घेऊन बाहेर पडतो. शेवटच्या घावांतून कांहीं मार उरला तर तो मूळ देहाला लागतो, एवढाच काय तो अपवाद. मग स्वारी पुन्हां अस्वल होते, कारण दोनदां रूप घेण्याची मुभा आहे. ३४, ३४ आणि १७ मिळून ८५! तासभर विसांवा घेतला कीं दोन्ही अस्वलें परत हजर. शिवाय अस्वल एका पाळींत दोन घाव घालतें, एक दांतांचा व एक पंजाचा. योद्ध्याला नेहमींचा दुसरा घाव मिळावयाचा तो पांचव्या पायरीवर. मारीचाचें रूप गेलें तेव्हां मारीचही गेला. येथें रूप म्हणजे नुसतें चिलखत झालें, आणि तेंही दोन पदरी.

नातीनें हें दोन शनिवार पाहिलें. तिसऱ्या शनिवारीं ती गोष्टीचें पुस्तक घेऊनच मेजाशीं बसली. पाळी आली कीं फासा टाकी आणि पुन्हां पुस्तकांत डोकें घाली. मीं हळूच विचारलें तेव्हां म्हणाली, "आजोबा, दार फोडायचं तर अस्वल, पूल राखायचा तर अस्वल. मी नुसती तलवार घेऊन मागनं चालते." पुढच्या शनिवारपासून आपण बसणार नाहीं, असें तिनें आईला सांगून ठेवलें होतें, हें मला मागाहून कळलें.

समतोल म्हटला म्हणजे तो पात्रें आणि राक्षस यांच्यामधला, असा बहुतेकांचा समज असतो. पण राक्षसांची काळजी कशाला? सूत्रधार दोनांच्या ऐवजीं चार आणील. आमच्या सूत्रधारानें एकदां आणलेही. अस्वलाला साजेसें युद्ध झालें, आणि त्या धुमश्चक्रींत योद्धा पहिल्याच झपाट्याला आडवा झाला. समतोल साधावयाचा तो मेजाभोंवतीं बसलेल्यांचा एकमेकांशीं. रूपाची किंमत जो रूप घेतो त्याच्याकडून घेतली नाहीं, तर ती त्याच्या शेजाऱ्याकडून वसूल होते.

या दृष्टीनें मीं मागल्या आवृत्त्यांचे नियम शोधले, तेव्हां या मंडळींनीं पन्नास वर्षें याच एका गांठीशीं झटापट केलेली आढळली. १९७४ च्या मूळ पुस्तिकेंत स्वतःचें रूप पालटणाऱ्या मांत्रिकाला ड्रॅगनचा आकार घेतां येई, उडतां येई. पण ड्रॅगनसारखें लढतां येत नसे कीं ज्वाळा ओकतां येत नसत. दुसऱ्याला पालटणारा मंत्र मात्र त्या रूपाचे सर्व गुण देई. उलट मूळ जातीचा चिवटपणाही थोडा उरे: राक्षसाची गोगलगाय केली तरी ती सहजासहजीं पायाखालीं चिरडत नाहीं, असा खुलासा ग्रंथकारांनीं मुद्दाम केलेला आहे! १९७८ च्या ग्रंथांत एक भयंकर अट आली. दुसऱ्याचें रूप पालटलें म्हणजे त्याच्या देहाला बसणारा धक्का त्याला सोसतो कीं नाहीं हें शतमान फाशांनीं पाहावयाचें. साधारण प्रकृतीच्या मनुष्याला जगण्याची आशा शंभरांत सत्तर. उरलेल्या तिसांत तो तेथेंच मरतो. नियम क्रूर आहे, पण मला आवडला. सोबत्याला उगीच कोणी अस्वल करीत नसे.

२००० सालीं तिसरी आवृत्ति निघाली, २००३ मध्यें ती सुधारली, आणि या सुधारलेल्या नियमांत लगाम फारच सुटला. ड्रुइडाचें बळ, चापल्य, काटकपणा हीं पशूचींच धरावयाचीं असल्यामुळें, स्वतःचें शरीर कमकुवत ठेवून सगळें भांडवल बुद्धीवर खर्चण्याची युक्ति शहाण्या खेळाडूंनीं काढली. भरींत भर म्हणून पशुरूपांतही मंत्र म्हणण्याची एक सिद्धि मिळे. म्हणजे अस्वलही तेंच आणि मांत्रिकही तोच. पण याहून खोल दोष निराळा होता. रूपांची यादी मोकळी होती. प्राण्यांचें नवें पुस्तक निघालें कीं त्यांतला प्रत्येक प्राणी रूप पालटणाऱ्याच्या पदरांत पडे, आणि नव्या पुस्तकाच्या कर्त्याच्या तें स्वप्नींही नसे. न्यायशास्त्रांत ज्याला अतिव्याप्ति म्हणतात ती हीच. वाढत्या कोशावर अवलंबून असलेलें सूत्र त्याच्या कर्त्याच्या हातीं राहत नाहीं.

पुढें उपाय निघाले. २००६ मध्यें ठराविक रूपाला ठराविक मंत्र अशी वांटणी झाली. २००९ सालच्या 'पाथफाइंडर' या भाऊबंद खेळांत पशूचा आकार पाहून बळांत अमुक भर, चापल्यांत अमुक, असें कोष्टकच घातलें. हिशेब चोख झाला. पण वाघ आणि सिंह एकाच खात्यांत जमा झाले, आणि वाघ होण्यांत जी गंमत होती ती खतावणींत गेली. २०१४ च्या आवृत्तींतला रूप पालटण्याचा मंत्र मात्र मला मनापासून पटला. सातव्या पायरीचा मांत्रिक, ज्याचे प्राणांक चाळीस-पंचेचाळीस, तो महावानर झाला कीं त्याला १५७ प्राणांक मिळतात. पण स्वभाव तेवढा उरून बुद्धि वानराचीच होते, वाचा जाते, मंत्र जातात. अमरुकाच्या कथेचा वास येतो तो येथें. ड्रुइडाची बुद्धि मात्र त्याच आवृत्तींत शाबूत राहते. अर्थात् वानराच्या अंगीं राहून मांत्रिकाचे डावपेंच लढविणारे खेळाडू असतातच. बुद्धि हरपली असें पुस्तकांत लिहिणें सोपें, ती हरपल्यासारखें मेजावर वागणें कठीण.

आमच्या सूत्रधारानें प्रथम नियमाला हात न लावतां मार्ग काढला. त्यानें सगळी कथा एका नगरांत नेली. अरुंद जिने, सरदारांचे वाडे, अस्वल दिसतांच बाण सोडणारे पहारेकरी. नात खुलली. पण पुतण्याचा मुलगा फुगून बसला. "दादा, मी ड्रुइड घेतला तो अस्वल व्हायला. मग मी आलो की जिकडेतिकडे जिनेच कसे लागतात?" त्याचें म्हणणें मला रास्त वाटलें. नियम सर्वांना आधींपासून ठाऊक असतो. असला अडथळा मात्र एकट्याच्या वाटेंत मुद्दाम टाकलेला असतो, आणि तें मुलांना तेव्हांच कळतें. वर्गांतला एकच मुलगा सगळीं उत्तरें देऊं लागला तर त्याला गप्प बसविणारे शिक्षक मीं पुष्कळ पाहिले आहेत. तो मुलगा गप्प बसतो, आणि बाकीचेही बोलत नाहींत.

तेव्हां एका रविवारीं दुपारीं चहाच्या वेळीं पांचही जणांना एकत्र बसवून २०२४ सालची नवी आवृत्ति पुढें ठेवली. तींत ड्रुइडाचे स्वतःचे प्राणांकच कायम राहतात. रूप घेतल्यावर पायरीइतके, आणि चंद्रपंथी असल्यास पायरीच्या तिप्पट, तात्पुरते मिळतात. तोंवर सगळे तिसऱ्या पायरीवर आले होते. जुन्या रीतीनें ड्रुइडाची बेरीज ९२ होत होती. नव्या रीतीनें त्याचे २४ आणि एका रूपाचे ९, मिळून ३३. दोन्ही रूपें धरलीं तरी ४२. योद्ध्याचे २८. अस्वल अद्याप बलवान् होतें, दोन घावही घालीत होतें, पण अमर राहिलें नव्हतें. शिवाय यादी बंद: आरंभीं चारच रूपें, आणि पुरी रात्र झोंप घेतल्यावर त्यांपैकीं एखादें बदलण्याची सोय.

बेरजेवर कोणी भांडलें नाहीं. भांडण जुंपलें तें त्या चार रूपांवर, आणि तें दिवेलागणीपर्यंत चाललें. अस्वल व लांडगा हीं ठरलेलींच होतीं. घुबड त्याला फार हवें होतें, पण उडणारें रूप आठव्या पायरीपूर्वीं मिळत नाहीं. शेवटीं घोडा आला. चौथें म्हणून उंदीर नातीनें सुचविला. तुरुंगाच्या गजांतून किल्ली आणायला अस्वलाचा काय उपयोग, असें तिचें म्हणणें. मारुतीही लंकेंत शिरतांना लहानच झाला होता, एवढें मीं मधें घातलें, तर "आजोबा, तुम्ही कुणाच्या बाजूचे?" असें दोन्हीकडून विचारण्यांत आलें.

पुढच्या शनिवारीं नात तलवारीसह हजर होती. पुस्तक आणलें नव्हतें. पहिल्याच पाळीला तिनें सूत्रधाराला विचारलें, "योद्ध्याला अस्वलावर बसता येईल का?" ग्रंथ उघडण्यांत आला. वाहन स्वारापेक्षां एका आकारानें मोठें असावें, त्याची ठेवण बसण्याजोगी असावी, आणि तें राजी असावें, अशा अटी निघाल्या. पहिल्या दोन तेव्हांच पुऱ्या झाल्या. अस्वल राजी आहे कीं नाहीं यावर बराच वेळ घासाघीस चालली होती, तोंच आंतून पानें वाढल्याची हांक आली.