गाडीखालचं पाणी

वलवण,
खंडेनवमी

चि. भाच्यास,


तुझा फोन आला तेव्हा मी अंगणात गाडीच धूत होतो, म्हणून नीट बोलता आलं नाही. उद्या दसरा. पूजेआधी गाडी घरी धुवायची की वॉशिंग सेंटरला टाकायची, असं तू विचारलंस आणि वर हसून म्हणालास, "मामा, तू अजून बादलीच घेऊन बसतोस ना?" बसतो. पण चार पैसे वाचवायला नव्हे.

आधी माझी फजिती ऐक. पहिल्या गाडीला मी कपड्यांच्या पावडरीने न्हाऊ घालायचो, तेही भर उन्हात. वर्षभरात टपाची रया गेली. एकदा फडकं मातीत पडलं, तेच झटकून पुन्हा फिरवलं, तर बॉनेटवर कोंबडीने उकरल्यासारखे ओरखडे उठले. तेव्हापासून दोन बादल्या. एकीत गाडीचा शांपू, दुसरी फडकं खळबळायला. गाडी सावलीत लावायची, वरून खाली यायचं, चाकं शेवटी आणि त्यांचं फडकं निराळं. मग धुवून काढायला आणखी एक बादली. तीन बादल्या म्हणजे 45 लिटर. नळी लावली तर तीच 15 लिटरची बादली माझ्याकडे मिनिटात भरते. वीस मिनिटं नळी सोडलीस तर हिशेब तूच कर.

शिवाय हात फिरला की गाडीचं दुखणं कळतं. पुढच्या टायरच्या कडेला आलेला फुगा मला असाच सापडला. एक्स्प्रेसवेवर सापडला असता तर हे पत्र लिहायला मी नसतो.

म्हणून सेंटर वाईट, असं नाही. पावसाळ्यात पवनेकडच्या कच्च्या रस्त्यावरून आलं की मडगार्डच्या आत चिखल थापला जातो. तिथे हात पोचत नाही. रॅम्पवर चढवून पोरगा खालून प्रेशर मारतो तेव्हाच तो सुटतो. पाणी किती यापेक्षा ते किती जोराने येतं, याला महत्त्व. हे वलवणकराला शिकवायला नको. आपल्या धरणाचं पाणी घाट उतरून सुमारे 500 मीटर खाली खोपोलीच्या वीजघरात जातं आणि बारीक तोंडातून सुटलेली त्याची धार चाकाच्या वाट्यांवर आदळते. 1915 साली मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली ती याच जोरावर.

फरक आहे तो पुढचा. खोपोलीत पाणी चाक फिरवतं आणि जसं आलं तसं पाताळगंगेकडे निघून जातं. गाडीखालून निघालेलं पाणी ऑइल, ग्रीस आणि साबण घेऊन जातं. इथले ओढेनाले इंद्रायणीला मिळतात आणि इंद्रायणी जाते देहूला, आळंदीला. आळंदीच्या घाटावर फेसाळलेली नदी बघून आजीने पाण्यात पाय घातला नव्हता, आठवतं? तो फेस कारखान्यांचा आणि गावोगावच्या सांडपाण्याचा. गाड्यांचा वाटा त्यात चिमूटभर असेल, पण ती चिमूट आपल्या हातची. म्हणून शांपू मी टोपणभरच घेतो. आणि ओढ्यात गाडी उतरवून साबण लावणारे पर्यटक दिसले की काचेवर टकटक करतो. शिव्याही खातो.

तेव्हा एरवी दोन फडकी, तीन बादल्या आणि तुझे हात पुरेत. पावसाळा संपला आहे, तर एकदा सेंटरला जाऊन खालचा चिखल काढून घे. मात्र पैसे ठरवण्याआधी तिथल्या माणसाला विचार, "गाडीखालचं पाणी कुठे जातं?" त्याने गाळ आणि तेल अडवायचा हौद दाखवला, तर मागेल ते दे. नाल्याकडे बोट दाखवलं, तर गाडी रिव्हर्स घे.

तुझा,
मामा