कबरी

कबरी आमच्याकडं आली ती पाटण खोऱ्यातून, 2003 च्या उन्हाळ्यात. मामानं तिला कापडी पिशवीतून आणली होती, नुसतं डोकं बाहेर. राखाडी अंगावर पांढरे ठिपके, पाय पिवळे, आणि तलंगच असल्यामुळं तुरा अजून फिका. "आक्का, हिला भुईवर निजवू नगंस. ही वर बसणारी हाय," एवढं बजावून मामा एसटी गाठायला निघून गेला.

आमचं गाव भिलवडीच्या पुढं, कृष्णाकाठी. परड्यातल्या बाकीच्या कोंबड्या रात्री डालग्याखाली मुकाट निजायच्या. कबरीला डालगं कधीच मानवलं नाही. दिवेलागण झाली की ती शेवग्यावर चढून बसायची. परड्यात मुंगूस फिरायचं, म्हणून आईनं वडिलांच्या मागं लागून विटांचं खुराडं बांधून घेतलं. पुढं जाळी, तीही वीतभर जमिनीत पुरलेली. आत आडवी दांडी बसवली ती बाभळीच्या मनगटाएवढ्या जाड फांदीची, साल सोलून घासलेली. वडील लोखंडी पाइप टाकणार होते. "थंडीत पायाला गार लागेल आणि घसरेल," म्हणून आईनं तो परत ठेवायला लावला.

त्या दांडीवर जाण्याची कबरीची एक रीत होती. खाली उभी राहून आधी एका डोळ्यानं, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्यानं ती दांडी न्याहाळायची, गुडघे किंचित वाकवायची आणि मगच उडी घ्यायची. भिंतीकडचं टोक तिचं. दुसरी कुणी तिथं बसली असेल, तर चोचीचा एक टोला पुरे. मग ती पाय दुमडून पोटाखाली घ्यायची, बोटांवर पिसं पसरायची आणि डोळे मिटायची. झोपेत ती पडत कशी नाही, हे कोडं मामेभावानं सोडवलं. तो तेव्हा शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत होता. कोंबडीनं पाय दुमडला की मागची शीर ताणली जाते आणि बोटं आपोआप दांडीभोवती आवळली जातात. त्यासाठी तिला जागं राहावं लागत नाही.

अंड्यांचा प्रश्न वेगळाच होता. कबरीनं पहिली अंडी घातली ती वैरणीच्या गंजीत, अगदी आतल्या कोपऱ्यात. आईनं ती जागा नीट बघून ठेवली. तीन बाजूंनी बंद, उजेड कमी, खाली मऊ. तशीच जागा तिनं खुराड्यात केली. तेलाचे पंधरा किलोचे रिकामे डबे एका बाजूनं कापले, कडा आत ठोकून बोथट केल्या, ते विटांवर आडवे मांडले आणि आत उसाचं पाचट चुरून घातलं. एका डब्यात संगमरवरी गोटा ठेवला. कबरी आत शिरली, गोटा चोचीनं हलवून पाहिला, पाचटाच्या काड्या उचलून स्वतःच्याच पाठीवर टाकत बसली, आणि दुपारी अंडं घालून अख्खी आळी उठवली.

ती खुडूक बसली की आई त्याच डब्यात अंडी मांडायची. कबरी दिवसातून एकदाच दाणापाण्याला उठायची, राखेत लोळून परत. चोचीनं अंडी पालटत राहायची. एकविसावा दिवस जवळ आला की अंड्यातूनच बारीक चिवचिव ऐकू यायची आणि कबरी घोगऱ्या आवाजात तिला उत्तर द्यायची. हे मी कान लावून ऐकलेलं आहे.

2005 च्या महापुरात रात्रीत पाणी परड्यात शिरलं. डबे तरंगू लागले. कोंबड्या मात्र दांडीवर कोरड्या होत्या. आईनं गुडघाभर पाण्यातून एकेक काढून डालग्यात घातली आणि गावाबाहेरच्या माळावर नेली. पुढच्या वर्षी नवापूरला बर्ड फ्लू निघाला. कोंबडीचे भाव कोसळले, लोक घरच्या कोंबड्यांकडंही संशयानं बघू लागले. आईनं सगळ्या खुराड्यातच कोंडून सांभाळल्या. एकही दगावली नाही.

पुढं कबरीची अंडी कमी होत गेली, मग थांबली. दांडी तिला झेपेना, तेव्हा आईनं खाली एक पायरीवजा आडवं लाकूड बसवलं. म्हातारी कोंबडी कशाला पोसायची, असं शेजारीण म्हणायची. आईनं ते मनावर घेतलं नाही, आणि मला आईचंच पटतं. 2010 च्या थंडीत एका सकाळी कबरी उतरलीच नाही. शेवग्याखाली तिला पुरलं.

आता परसात कोंबड्या पाळणारी नवी मंडळी मला खुराड्याबद्दल विचारतात. त्यांना एवढंच सांगते: दांडी अंड्यांच्या डब्यांपेक्षा हातभर उंच ठेवा. डबे उंच झाले तर कोंबड्या त्यातच झोपतील आणि सकाळी अंडी विष्ठेत सापडतील. पाचट दर आठवड्याला बदला. आणि खुराडं बांधण्याआधी तुमची कोंबडी कुठं चढते, कुठं लपते, ते चार दिवस नीट बघा.