आजार असलेला बरा

फ्रीमाँट, 14 जून 2020

ती. अण्णामामांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "चोरून शिरलेल्यांसाठी एवढी धावपळ कशाला?" तेव्हा गडबडीत होते, म्हणून आज लिहिते.

मामा, ही माणसं शिक्षा भोगत नाहीत. इथे स्थलांतराचा खटला दिवाणी धरतात आणि निकाल लागेपर्यंत माणूस आइसच्या, म्हणजे इथल्या स्थलांतर खात्याच्या, कोठडीत राहू शकतो. चोरीच्या आरोपीला ऐपत नसेल तर सरकार वकील देतं. यांना देत नाही. समोर सरकारचा वकील मात्र असतो. म्हणून ही फुकट राबणारी मंडळी. वकील अर्ज लिहितात, माझ्यासारखे बिगरवकील हिंदीतून दुभाषेपणा करतात, दवाखान्यांकडे कागदांसाठी तगादा लावतात. करोनामुळे नातलगांच्या भेटी मार्चपासून बंद आहेत. फोन बराकीतच, मागे सगळा गलका, आणि त्यात गड्याने गावाकडच्या छळाची हकिकत सांगायची!

याच साथीमुळे एप्रिलअखेर सॅन फ्रान्सिस्कोचे न्यायाधीश विन्स छाब्रिया यांनी बेकर्सफील्डचं मेसा वर्दे कोठडीकेंद्र आणि युबा परगण्याचा तुरुंग, दोन्हीकडच्या सगळ्यांची माहिती आइसकडून मागवली आणि जामीनअर्ज बघायला घेतले. प्रश्न तुमच्या ओळखीचेच: आजार कोणता, पूर्वीचे गुन्हे कोणते, सुटल्यावर राहणार कुठे? सगळ्यात दमवतो तो तिसरा. करोनाच्या दिवसांत परक्या माणसाला चौदा दिवस वेगळी खोली कोण देणार? सख्खे चुलतेसुद्धा आधी बायकोला विचारून सांगतो म्हणतात. त्यांनाही दोष देववत नाही.

पण मला खुपतंय ते वेगळंच. मे महिन्याच्या 6 तारखेला सॅन डिएगोजवळच्या ओटाय मेसा कोठडीकेंद्रातला 57 वर्षांचा मधुमेही माणूस गेला, आइसच्या कोठडीतला कोविडचा पहिला बळी. तेव्हापासून आम्ही आजारी आणि वयस्क आधी घेतो. कुणाचा मधुमेह कागदोपत्री सिद्ध झाला की आम्हाला चक्क आनंद होतो. धडधाकट पोराला मात्र सांगावं लागतं, थांब. एकाने विचारलं, "दीदी, दमा लहानपणी होता, चालेल का?" कोंडण्याची गरज होती का, हा मूळ प्रश्न तसाच राहतो, आम्ही रक्तदाबाचे आकडे मांडत बसतो. तरी एकेक सुटतो म्हणून करायचं.

तुम्ही कायदा सांगाल. मग आपल्या सुप्रीम कोर्टाचा 23 मार्चचा आदेश आठवा. गर्दी कमी करायला कुणाला सोडता येईल ते ठरवा, असं सगळ्या राज्यांना सांगितलं ना? ते तर कच्चे-पक्के कैदी होते.

आता काम. नांदेडचे तुमचे सरदारजी वकीलमित्र गुरुमुखी वाचतात आणि इंग्रजीही उत्तम लिहितात. कोठडीतल्या पंजाबी पोरांच्या सरपंचांची पत्रं, पोलीस तक्रारी भाषांतरित करून हव्यात. भाषांतर अचूक आहे आणि दोन्ही भाषा येतात, एवढं लिहून खाली त्यांची सही लागेल. पैसे मिळणार नाहीत. कागद गुप्त ठेवायचे, व्हॉट्सॲपवर पुढे ढकलायचे नाहीत, हे आधीच बजावा. गुरुवारपर्यंत विचारून कळवाल?

मामींना नमस्कार.

तुमची,
नंदा