हलक्या सामानाचा प्रवासी

बदलीची नोकरी माणसास एक विद्या अवश्य शिकवते : सामान थोडे असावे. कावीळ ‘ई’च्या विषाणूची माहिती वाचली, तेव्हा या विद्येतला खरा पंडित भेटल्यासारखे आम्हांस वाटले.

दिल्लीकरांशी त्याचा परिचय जुना. डिसेंबर १९५५ व जानेवारी १९५६ मध्ये राजधानीत सुमारे २९ हजार माणसे काविळीने पिवळी पडली. यमुनेतून पाणी उपसले जाई तेथवर गटाराचे पाणी पोहोचले होते. क्लोरीनमुळे विषमज्वर वाढला नाही. हा मात्र निसटला. तो काविळीचा ‘अ’ प्रकार नव्हे, हे जपून ठेवलेले रक्तद्रव तपासल्यावर १९८० साली कळले. १९८३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ बालायान यांनी रुग्णांच्या मलाचा अर्क स्वतः प्राशन केला, आजार सोसला आणि विषाणू डोळ्यांनी पाहिला.

त्याचे सामान ते किती! एकाच प्रथिनाच्या १८० प्रतींचे कवच, रुंदी जेमतेम ३० नॅनोमीटर. आत सुमारे ७,२०० अक्षरांचा आरएनएचा एकच धागा. त्यात प्रकरणे तीन : पहिले स्वतःच्या नकला काढण्याचे, दुसरे कवचाचे, तिसरे पेशीबाहेर पडण्याच्या परवान्याचे. पाण्यावाटे पोटात आणि तेथून यकृतात शिरल्यावर पेशीची कचेरी हा हुकूम आपलाच समजून अंमलात आणते. नव्या प्रती निघताना यजमानाच्याच पातळ पडद्याची शाल पांघरतात. पित्तात ती गळून पडते आणि उघडे कण मलावाटे पुढच्या मुक्कामाच्या शोधात निघतात. पिवळेपणा येतो तो बहुतांशी बाधित पेशींवर आपल्याच शरीराने केलेल्या हल्ल्यामुळे. तोवर पाहुण्याचे प्रस्थान सुरू झालेले असते.

आमच्या वडिलांनी ते दिवस करोल बागेत काढले. तेव्हापासून उकळलेल्या पाण्याचे पातेले आमच्या प्रत्येक बदलीत बरोबर हिंडले. सध्या लेक बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, आठवा महिना. गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत हा आजार जडल्यास शंभरांतील वीस-पंचवीस स्त्रियांपर्यंत मृत्यू ओढवू शकतो. म्हणून नळाचे पाणी कितीही निर्मळ दिसो, सकाळी पातेले शेगडीवर चढतेच.

पातेले फार तर एक घर राखील. शहर राखायचे, तर गटाराची आणि नळाची गाठ पडू न देणारी माणसे हवीत. त्यांतील काहींच्या टेबलावर हा अंक पडला असेल, अशी आमची आशा आहे.