कॉफीची बाग, धुऱ्यावरचा आंबा

२१ डिसेंबर २०२५, पुसद

बाबांना चिखलदऱ्याला न्यायचं ठरवलं. नको म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत. संध्याकाळी पाहिलं तर स्वेटर पेटीतून काढून खुर्चीवर ठेवलेला.

सप्टेंबरच्या पावसात बोंडं सडली, तेव्हापासून रात्री उठून अंगणात बसतात. दादा म्हणतो, वय झालं. मला तसं वाटत नाही.

२२ डिसेंबर

दादा शेतातून आला. दुसरा वेचा आटोपत आलाय. लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ८,११० रुपये, पण ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की केंद्रावर घेत नाहीत. मग व्यापारी म्हणेल तो भाव.

जाता जाता सांगितलं, लाकूडवाल्याकडून इसार घेतला. पाच हजार. धुऱ्यावरचे दोन निंब आणि आंबा.

झाडांखालची चार तासं फुकट जातात हे त्याचं म्हणणं खोटं नाही. पण तो आंबा आजोबांनी लावलेला. बाबा पानाला चुना लावत होते. मान वर केली नाही.

२४ डिसेंबर, चिखलदरा

दिग्रस, दारव्हा, नेर, अमरावती, परतवाडा. परतवाड्याच्या अलीकडे संत्र्याच्या बागा. बाबा तेवढ्यापुरते खिडकीकडे सरकले. घाटात सागाची पानं गळायला लागलेली. थंडी कानाला लागते. विदर्भात असं थंड गाव एकच, १,११८ मीटरवर.

२५ डिसेंबर

गर्दी. भीमकुंड, देवी पॉइंट. गाविलगडावर गेलो. १५ डिसेंबर १८०३ ला वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला भोसल्यांकडून घेतला. बाबा बुरुजावर चढले नाहीत. खालीच बसून राहिले. जेवले अर्धी भाकर.

रात्री दोनला खोलीतला दिवा लागलेला.

२६ डिसेंबर

मरियमपूरच्या बाजूला कॉफीची बाग पाहायला गेलो. कॉफी इंग्रजांच्या काळात इथे आली आणि टिकली. महाराष्ट्रात कॉफीसाठी नाव घ्यावं असं ठिकाण हेच.

मला वाटलं होतं, चहाच्या मळ्याच्या फोटोत दिसतं तसं उघडं हिरवं काहीतरी असेल. आत शिरलो तर जंगल. वर उंच झाडं आणि खाली सावलीत कॉफी. छातीएवढी, छाटून ठेवलेली. पानं जाड, चकचकीत, समोरासमोर. फांदीला चिकटून फळांचे घोस, एकाच घोसात हिरवं, पिवळं, लाल.

कोरकू बाया तोडत होत्या, कमरेला पिशवी. लालच तेवढं घ्यायचं. हिरवं आलं की कॉफीची चव बिघडते. म्हणून त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यायचं, नोव्हेंबरपासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत. बाबा एका बाईच्या मागे उभे राहून बघत होते. बराच वेळ. मग म्हणाले, "वेचाच हाय हा. पहिला, दुसरा, फरदड." बाई हसली. मजुरी विचारली, तिनं सांगितली. बाबांनी मान हलवली.

एक फळ तिनं माझ्या हातावर दाबून फोडलं. आत बुळबुळीत गोड गर आणि दोन बिया, सपाट बाजू एकमेकींना लावून बसलेल्या. कधी एकच असते, गोल.

बागेवरच्या काकांना बाबांनी प्रश्नांवर प्रश्न विचारले. इतके दिवस गप्प असलेला माणूस! पाणी कधी? मार्च-एप्रिलात एक सर पडावी लागते, मग आठ-दहा दिवसांत सगळी बाग पांढरी, वास मोगऱ्यासारखा. ती सर चुकली की फूल चुकलं. रोग? पानावर तांबेरा. खोडात पोखरणारी अळी, आणि ती उन्हातल्या झाडावर जास्त. एवढं ऐकून बाबा थांबले.

"म्हणजे सावली हाय म्हून झाड वाचते?"

"हो. पण गच्च सावलीबी चालत नाई. पावसाच्या आधी वरच्या झाडाच्या फांद्या उतरवतो. ऊन चाळून आलं पाहिजे."

बाबांनी वर पाहिलं. नंतर काही विचारलं नाही.

२७ डिसेंबर

पुन्हा बागेत. बाबाच म्हणाले, जाऊ.

वाळवणाचं खळं. काही फळं तशीच सालासकट उन्हात, काळी पडत चाललेली. काहींची साल यंत्रानं काढून, चिकट आंबवून, धुऊन बिया पसरलेल्या. सारख्या हलवाव्या लागतात, नाहीतर बुरशी. सहा किलो फळातून एक किलो कॉफी मिळते, फार तर. बाबा बोटांनी आकडेमोड करत होते.

तिथेच भाजलेल्या कॉफीचा पेला दिला. चिकोरी न घातलेली. बाबा जन्मभर चहाचे. सगळी प्यायले.

दुपारी दादाचा फोन. लाकूडवाला आजच आला, विहिरीकडचा निंब पाडला. मी बाबांना कसं सांगू म्हणून थांबले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि फोन मागितला.

"बाकीचे राहू दे. मी येतो. तोवर करवत लावू नको."

दादा काय म्हणाला ऐकू आलं नाही. बाबा "हाव, हाव" म्हणत होते.

२८ डिसेंबर

परतीला कोणी बोललं नाही. कारंज्याच्या रस्त्यानं आलो. बाबांनी मध्येच विचारलं, हळदीचं बेणं काय भाव आहे यंदा? मला माहीत नव्हतं.

३० डिसेंबर, पुसद

मोठं भांडण. दादा म्हणाला, कॉफीला सावली लागते बाबा, कपाशीले ऊन लागते. चार दिवस फिरून आले आन शेती शिकवता का?

त्याचं बरोबर आहे. मला तेव्हा खरंच भीती वाटली, बाबा पुन्हा गप्प होतील.

बाबा म्हणाले, "मग कपाशी लावूच नको तिथं."

१ जानेवारी २०२६

शेतात गेले होते दोघं. पाडलेल्या निंबाचं खोड अजून पडलंय. कापल्या जागेवर गोंद आलाय, म्हणे.

४ जानेवारी

बाबा रात्रभर झोपले.

७ जानेवारी

वहिनीनं सांगितलं, दादा उमरखेडच्या बाजूला हळदवाल्या मित्राकडे जाऊन आला. हळदीला ऊन-सावली चालते. बेणं एकरी दहा क्विंटल लागतं. झाडांखाली धुऱ्यालगत पाच गुंठे निघतात, म्हणजे सव्वा क्विंटल. विहीर त्याच अंगाला आहे. आंब्याच्या खालच्या फांद्या मे महिन्यात उतरवायच्या. हे कोणी सुचवलं, ते वहिनी म्हणाली नाही.

निंबाचे पैसे ठेवून उरलेला इसार परत करावा लागेल. लाकूडवाला कुरकुरतोय.

११ जानेवारी

बाबा आणि दादा सकाळपासून ओसरीवर. आवाज चढलेले. बाबांना सेलम लावायची आहे, दादाला फुले स्वरूपा. दोघांचा चहा थंड झाला, मी दुसऱ्यांदा आधण ठेवलं.