माडाला बांधलेली तार

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुण्याच्या सहकाऱ्यांनी सांगितलं, की माझा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो आणि दर दोन-तीन वाक्यांमागे एखादा शब्द गायब होतो. "तिकडे पाऊस आहे का रे?" एकाने विचारलं. आरोंद्यात जुलैत पाऊस नसेल तर ती बातमी. मी हसून विषय बदलला आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून मीटिंग कशीबशी संपवली.

माझी नोकरी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याची. कंपनी पुण्याची, मी मात्र गेल्या वर्षीपासून घरून काम करतो. आमचं घर तेरेखोलच्या खाडीकडच्या अंगाला. किरणपाणीचा पूल ओलांडला की गोवा. फायबरची जोडणी घरात आहे, राउटर माजघरात. मी बसतो ते मागच्या मांगरात. पूर्वी तिथे नारळ, सोडणं आणि मोडका नांगर असायचा. घरापासून मांगर पंचेचाळीस मीटर, मधे जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती. वायफाय तिथवर पोचत नाही. म्हणून मे महिन्यात मी सावंतवाडीच्या बाजारातून साठ मीटर लॅनची तार आणली. दोन्ही टोकांना प्लग लावूनच मिळाली, आणि दोन प्रकारांपैकी मी स्वस्तातली घेतली. पडवीच्या वाशापासून मधल्या माडापर्यंत आणि माडापासून मांगराच्या खिडकीपर्यंत ती मी स्वतः ओढली. माडाला बांधायला घरात बाइंडिंग वायर पडलेली होती. त्या दिवशी स्वतःवर फार खूश होतो.

जुलैत बिघडल्यावर पहिला राग निघाला तो इंटरनेट देणाऱ्या कंपनीवर. तक्रार केली, तिसऱ्या दिवशी भर पावसात एक मुलगा आला. त्याने आपला लॅपटॉप माजघरात राउटरला जोडला. शंभरच्या प्लॅनवर अठ्ठ्याण्णवचा वेग आला. "दादा, लाइन एकदम चांगली आहे," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. तो बरोबर होता. मला ते कळायला अजून तीन आठवडे जायचे होते.

त्या रात्री मांगरातून मी राउटरला पिंग लावलं. म्हणजे एक लहानसं पाकीट राउटरकडे पाठवायचं आणि उत्तर येतं का ते पाहायचं. हजार पाठवली, दोन हरवली. हजारात दोन म्हणजे काही नाही, असं वाटून मी झोपायला निघालो होतो. मग आठवलं, की पिंगचं पाकीट अगदी छोटं असतं. त्याचा आकार वाढवून जवळपास दीड हजार बाइटचं केलं आणि पुन्हा हजार पाठवली. या वेळी एकेचाळीस हरवली. पाकीट वीसपट मोठं, हरवण्याचं प्रमाणही वीसपट. याचा अर्थ पाकिटं रस्त्यात अडत नव्हती. एखादा अवचित बिट बिघडत होता, आणि जितके बिट जास्त तितकी बिघडण्याची शक्यता जास्त. आणि हे सगळं माजघर ते मांगर एवढ्या अंतरात. इंटरनेटचा यात संबंधच नव्हता.

बिघडलेल्या पाकिटाचं काय होतं हे इथे सांगायला हवं. जुन्या व्यापाऱ्याच्या वहीत पानाच्या तळाशी बेरीज लिहिलेली असते. लॅनवरून जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमच्या, म्हणजे तारेवरून जाताना पाकीट ज्यात गुंडाळलेलं असतं तिच्या, शेवटी तशीच चार बाइटची एक बेरीज असते, तिला सीआरसी म्हणतात. साधी बेरीज नव्हे, भागाकारातली बाकी. वेस्ली पीटरसन या गणितज्ञाने ही पद्धत १९६१ साली मांडली. घेणारं नेटवर्क कार्ड हिशेब स्वतः पुन्हा करतं. जुळला नाही तर फ्रेम तिथल्या तिथे फेकून देतं. पाठवणाऱ्याला काही कळवत नाही, आपल्यालाही नाही. फक्त स्वतःच्या आत एक आकडा एकाने वाढवतं.

वेबपान उघडताना किंवा फाइल उतरवताना वरच्या थरातलं टीसीपी क्रमांक तपासतं आणि हरवलेलं पुन्हा मागवून घेतं. थोडा उशीर होतो, पण काही अडलेलं दिसत नाही. बोलण्यात मात्र पुन्हा मागवायला वेळ नसतो. गेलेला शब्द गेला. म्हणून आईचे व्हिडिओ नीट चालायचे आणि माझी मीटिंग तुटायची.

कार्डाच्या आतला तो चुकांचा आकडा पाहता येतो. लिनक्सवर इथटूल नावाचा आदेश आहे, विंडोजवर नेटस्टॅट. मी एक वही केली. दर दहा मिनिटांत किती चुका, पाऊस आहे की उघडीप, वीज आहे की इन्व्हर्टर. वहीला घरात "खोट्या पाकिटांची वही" असं नाव पडलं.

पहिला संशय विहिरीवरच्या पंपावर. त्याची विजेची तार माझ्या तारेला समांतर आठ-दहा मीटर जाते. मोटर सुरू होताना झटका बसत असेल, असं वाटलं. आईला परसात उभी केली. ती ओरडायची, "पंप लायलो, मोज!" मी मोजायचो. पंप चालू, सहा चुका. पंप बंद, सात. चारदा केलं, काही फरक नाही. लॅनच्या तारेत आठ धागे दोन-दोनच्या जोड्यांनी पिळलेले असतात ते याचसाठी. बाहेरचा त्रास जोडीतल्या दोन्ही धाग्यांवर सारखाच पडतो आणि घेणारा दोघांतला फरक तेवढा वाचतो. पंप निर्दोष सुटला.

मग मी एक शहाणपणा केला. हजारचा वेग या तारेला झेपत नसेल, म्हणून लॅपटॉपवर वेग आपोआप ठरवणारं ऑटो बंद करून "शंभर, फुल डुप्लेक्स" असं पक्कं केलं. चुका दहा मिनिटांत सहावरून साडेतीनशेवर! नंतर वाचल्यावर कळलं. एका बाजूचं ऑटो बंद केलं की ती बाजू स्वतःबद्दल काही सांगत नाही. समोरच्याला वेग ओळखता येतो, पण दोघांनी एकाच वेळी बोलायचं की आळीपाळीने हे कळत नाही. मग तो नियमाप्रमाणे आळीपाळीचं धरून चालतो. मी अखंड बोलतोय, राउटर माझ्या थांबण्याची वाट बघतोय, आणि दोघं एकमेकांवर आदळताहेत. ऑटो परत चालू केलं आणि वहीत लाल पेनाने लिहिलं : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ती पूर्ववत केल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही.

आता शिस्तीने सुरुवात केली. लॅपटॉप माजघरात नेऊन दोन मीटरच्या तारेने जोडला. तासभरात चूक शून्य. म्हणजे लॅपटॉप आणि राउटर दोन्ही ठीक. मांगरातली टेबलाजवळची छोटी तार बदलली, फरक नाही. उरली ती माडावरची लांब तार.

तिच्यासाठी सावंतवाडीहून टेस्टर आणला. दोन डबे, एकेक डबा एकेका टोकाला. एक ते आठ दिवे क्रमाने लागले तर तार चांगली. आठही लागले. मी गोंधळलो. मग खिडकीतल्या प्लगकडे नीट पाहिलं, तर पिनांवर हिरवट पापुद्रा. सापडलं! प्लग कापला, कापलेला समोर ठेवून तसेच रंग लावून नवा बसवला. चुका शून्यावर आल्या. दोन दिवस मीटिंगमध्ये माझा आवाज खणखणीत. तिसऱ्या दिवशी दुपारी परत सहा, सात, नऊ. प्लग पुन्हा ओलसर. पुन्हा कापला, पुन्हा दोन दिवस. खिडकीला वरून प्लास्टिक बांधलं, तरी तेच. वही चाळताना एक विचित्र गोष्ट दिसली : चुका पाऊस पडताना वाढत नव्हत्या. मोठी सर येऊन गेल्यावर पाच-सहा तासांनी वाढत होत्या.

मी तिसऱ्यांदा प्लग कापत होतो तेव्हा शेजारचे आबा पावसाला चुकवून मांगरात आले. आबांनी उभ्या आयुष्यात गावातल्या निम्म्या घरांच्या छपरांवरचे नळे परतलेत. आता गुडघे चालत नाहीत, पण कोणाच्या घरात गळतं म्हटलं की त्यांना बोलावणं जातंच. मी त्यांना प्लगमधलं पाणी दाखवलं. त्यांनी प्लग पाहिलाच नाही. खिडकीतून बाहेर तारेकडे बघितलं आणि म्हणाले, "गळता थंय पाणी शिरणा नाय, झिला. पाणी वरसून येता. हयचा सोड, वर बघ."

नळ्यांच्या घरात राहिलेल्या माणसाला हे सांगायला नको. माजघरात थेंब पडतो तिथल्या वरचा नळा शाबूत असतो. फुटका नळा चार हात वर असतो. पाणी रीप आणि वासा धरून उतरतं आणि जिथे वाट संपते तिथे गळतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तारेच्या बाबतीत मात्र सुचलं नाही, कारण तार म्हणजे आत-बाहेर काही नसलेली वस्तू असं मी धरून चाललो होतो.

उघडीप झाल्यावर शिडी लावली. माडाला जिथे बाइंडिंग वायर आवळली होती, तिथेच. वाऱ्याने माड हलतो, तार घासते, वर मे महिन्याचं ऊन. घरात वापरायच्या त्या करड्या तारेचं आवरण कडक होऊन बोटभर चिरलं होतं. तिथून पाणी शिरत होतं आणि आवरणाच्या आतून, धाग्यांच्या फटींतून, बारा मीटर उतरून खिडकीतल्या प्लगमध्ये येत होतं. पाच-सहा तास त्यालाच लागायचे. मी प्लग कापला की साठलेलं पाणी निघून जायचं, आणि मला वाटायचं प्लगने गुण दिला.

तार उतरवून सुरीने उभी चिरली. चिरेजवळच्या धाग्यांवर पांढरी भुकटी होती. तांब्याला चढतो तो गंज हिरवा, मग हे पांढरं कुठलं? दुसरा धागा खरवडला, तर वरचा तांबूस मुलामा निघाला आणि खाली चंदेरी. स्वस्त का मिळाली ते कळलं. आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचं पाणी. लॅनच्या तारेत पूर्ण तांबं असावं अशी अपेक्षा असते. ॲल्युमिनियमचा रोध जास्त, आणि दोन धातू एकत्र असताना खारं पाणी लागलं की ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्लं जातं. जवळच्या शिरोड्यात १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला होता. त्या पट्ट्यात तारेला मीठ लागू नये अशी आशा करणारा मीच वेडा. टेस्टरचे आठ दिवे का लागत होते, तेही तेव्हाच समजलं. तो फक्त वीज पार जाते का एवढंच पाहतो. तार तुटली नव्हती, नासत होती. ते ओळखणं त्याचं काम नव्हे.

नवी तार बाहेरच्या वापराची आणली. काळं जाड आवरण, आत चिकट जेल, धागे पूर्ण तांब्याचे. या वेळी माडाला हात लावला नाही. दोन खांबांमधे लोखंडी तार ताणून तिच्या आधाराने नेली, आणि खिडकीत शिरण्याआधी वीतभर खाली झोळ सोडला, म्हणजे वरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, आत येत नाही. वायरमन हे नेहमीच करतात. मी मे महिन्यात कोणाला विचारलं नव्हतं, एवढंच.

दोन्ही टोकांना प्लग मी बसवले. टेस्टरचे आठ दिवे लागले. वही उघडली : दहा मिनिटांत चार चुका.

खरं सांगतो, त्या वेळी शिडीवरून उडी मारावीशी वाटली. कोरडी, नवी कोरी, महागातली तार. लॅपटॉपने वेगही आपणहून हजारावरून शंभरावर उतरवला होता. रात्री जुना कापलेला प्लग आणि माझा नवा प्लग शेजारी ठेवून भिंगातून पाहिले. मी रंग नीटनेटक्या क्रमाने लावले होते : नारंगीची जोडी, हिरव्याची जोडी, निळ्याची, तपकिरीची. खरा क्रम तसा नाही. हिरव्याची जोडी तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवर जाते, मधल्या चौथ्या-पाचव्या पिनांवर निळ्याची जोडी बसते. माझ्या क्रमात दोन्ही टोकं सारखी होती म्हणून दिवे लागत होते. पण तिसऱ्या-सहाव्या पिनेवर जे धागे गेले ते एकमेकांशी पिळलेले नव्हतेच. एक हिरव्याच्या जोडीतला, दुसरा निळ्याच्या. पंपाला ज्या पिळाने निर्दोष सोडवलं, तोच पिळ मी नीटनेटकेपणाच्या नादात मोडला होता.

दोन्ही प्लग कापून जुन्याप्रमाणे लावले. वेग हजारावर आला. पहिल्या दहा मिनिटांत शून्य, तासाने शून्य, सकाळी उठून पाहिलं तरी शून्य. चांगल्या तारेवर हा आकडा कमी असून भागत नाही, शून्यच लागतो, हे मला वहीनेच शिकवलं. पंचेचाळीस मीटर उघड्यावरून तांब्याची तार नेणं मुळात विजेच्या दिवसांत धोक्याचंच. पुढच्या वर्षी तिथे फायबर टाकीन. काच गंजत नाही आणि विजेलाही वाट देत नाही.

कंपनीच्या त्या मुलाला फोन करून सांगितलं, की चूक माझी होती. "असूद्या दादा," तो म्हणाला. त्याला ते आधीच माहीत असावं.

चतुर्थीच्या साफसफाईच्या गडबडीत आबा पुन्हा मांगरात आले. मी कौतुकाने वही उघडून बारा दिवसांची शून्यं दाखवली. त्यांनी पानं उलटली, पावसाच्या रकान्यावर बोट ठेवलं. त्या बारा दिवसांत मोठी सर दोनदाच आली होती. वही मिटून माझ्या हातात देत म्हणाले, "एक पावसाळो जावंदे, मगे सांग."

वही अजून चालू आहे.